कढीलिंबावरील बहुरूपी

गेल्या पावसाळ्यात आमच्या इयत्ता आठवीच्या वर्गाने एक 'निसर्ग-वही' ठेवली होती. शाळेच्या आवारात किंवा आपापल्या परसात जे जे पक्षी, कीटक, फुले दृष्टीस पडतील, ते दिवस, वेळ व ठिकाण ह्यांसह वहीत लिहावयाचे आणि दर शनिवारी वर्गशिक्षिकेने ती वही तपासून सही करावयाची, असा क्रम होता. वर्गशिक्षिका मीच. माझे विषय मराठी आणि इतिहास. प्राणिशास्त्राशी माझा संबंध शालान्त परीक्षेनंतर सुटलेला. त्यामुळे फुलपाखरांचे एक सचित्र पुस्तक शेजारी उघडे ठेवूनच मी वही तपासत असे, आणि पुस्तकाशी जे जुळेल ते बरोबर, न जुळेल ते चूक, असा सोपा न्याय करीत असे.

श्रावणाच्या आरंभी एका विद्यार्थिनीने पुढील नोंद केली होती : 'शुक्रवार, सकाळी साडेनऊ. आमच्या परसातील कढीलिंबावर गुलाब फुलपाखराने सात अंडी घातली.' इंग्रजीत ज्याला 'कॉमन रोज' म्हणतात त्या फुलपाखराला आमच्या वर्गात 'गुलाब' असे नाव पडले होते. काळे पंख, मागच्या पंखांच्या मध्यभागी पांढरा डाग आणि कडेने तांबड्या टिकल्या, असे त्याचे रूप. परंतु पुस्तकात स्पष्ट लिहिले होते की, हे फुलपाखरू अंडी घालते ते ईश्वरीच्या म्हणजे सापसंदाच्या वेलीवर आणि तिच्या जातभाईंवर. कढीलिंबाचा त्यात उल्लेख नव्हता. मी त्या नोंदीवर तांबड्या शाईने आडवी रेघ मारली आणि समासात 'निरीक्षण चुकले' असा शेरा लिहिला.

मुलगी काही बोलली नाही. सोमवारी मात्र ती पाण्याने भरलेल्या बाटलीत कढीलिंबाच्या दोन डहाळ्या खोचून घेऊन आली. ज्या पानांवर अंडी होती त्या प्रत्येक पानाच्या देठाला तिने पांढरा दोरा बांधला होता. पानावर मोहरीच्या लहान दाण्याएवढे, फिकट पिवळे, गुळगुळीत वाटोळे अंडे. सात पाने, सात दोरे.

"बाई, मी समोर उभी राहून पाहिले. अंडे घातले की मी दोरा बांधत होते," एवढेच ती म्हणाली.

आता माझ्यापुढे दोनच मार्ग होते. एक तर पुस्तक खोटे मानावयाचे, नाही तर मुलगी. तिसरा मार्ग असू शकेल हे त्या क्षणी सुचले नाही. अंडी आणली आहेतच तर ती वाढवून पाहू, असे ठरले आणि वर्गाच्या खिडकीत, वर मच्छरदाणीचे कापड ताणलेला एक खोका आम्ही ठेवला.

चौथ्या दिवशी अंड्यांतून अळ्या बाहेर पडल्या. सातांपैकी एक अंडे त्याआधीच मुंग्यांनी पळविले होते. जन्मलेली अळी प्रथम काय खाते, तर आपल्याच अंड्याचे टरफल. त्यानंतर ती कोवळ्या पानाकडे वळते. दोन-तीन दिवसांत तिचे रूप असे काही दिसू लागले की, एका मुलाने 'बाई, खोक्यात चिमणी शिरली होती काय?' असा प्रश्न केला. अळी काळपट तपकिरी, ओलसर चकाकणारी, अंगावर पांढरट ओघळ. हुबेहूब पक्ष्याची विष्ठा! शिवाय ती पानाच्या खाली लपत नाही; पानाच्या वरच्या अंगाला, मधल्या शिरेवर उघडी बसते. ज्या पक्ष्याने तिला खावयाचे त्याला आपलीच घाण पानावर पडली आहे असे वाटावे आणि त्याने निघून जावे, ह्यात तिचा बचाव असतो. अशा वेषात तिची पहिली चार वये सरतात. प्रत्येक वयाच्या शेवटी ती कात टाकते.

चौथी कात टाकली की तिचा वेष एकदम पालटतो. पक्ष्याच्या विष्ठेएवढी अळी विष्ठेसारखी दिसली तर खपते. पण करंगळीच्या पेऱ्याहून मोठी विष्ठा पाहून पाखरालाही संशय येईल. म्हणून की काय, पाचव्या वयात ती पानासारखी हिरवी होते. मानेमागचा भाग फुगीर होतो आणि तेथे दोन डोळ्यांसारखे ठिपके उमटतात. ते डोळे नव्हेत. खरे डोळे पुढे, खाली, अगदी बारीक असतात. अंगावर तिरपे तपकिरी-पांढरे पट्टे असतात. पानांच्या सावलीत ते तिची आकृती तोडून टाकतात. इतके करूनही कोणी डिवचलेच, तर डोक्यामागून तांबड्या रंगाचे, दोन फाट्यांचे, ओलसर मांसल शिंग झटकन बाहेर येते आणि एक तीव्र, आंबूस वास सुटतो. आमच्या वर्गातील मुलांना ह्या शिंगाचे इतके वेड लागले की, गवताच्या काडीने अळीला सतावू नये असा नियम फळ्यावर लिहून ठेवावा लागला.

हे सर्व पाहत असताना मी पुन्हा पुस्तकाकडे वळले. गुलाबाची अळी गर्द तपकिरी-तांबड्या मखमलीसारखी असते, तिच्या अंगभर मऊ मांसल गोंडे असतात आणि मधोमध पांढरा पट्टा असतो. आमच्या अळीच्या अंगावर यांपैकी काहीच नव्हते. म्हणजे ही अंडी गुलाबाची नव्हेत, एवढे निश्चित झाले. कढीलिंब व लिंबू ही एकाच कुळातील झाडे; त्यांवर वाढणाऱ्या अळ्यांत मुख्य दोन. एक लिंबावरचे ते सर्वपरिचित पिवळ्या-काळ्या ठिपक्यांचे, शेपटी नसलेले फुलपाखरू. आणि दुसरे 'कॉमन मॉर्मन'. अळीच्या पट्ट्यांवरून ही मॉर्मनची असावी असे दिसत होते. मॉर्मन आम्हांला ठाऊक होते. काळेभोर पंख, मागच्या पंखांवर आडवी पांढऱ्या ठिपक्यांची माळ, खाली दोन शेपट्या. पंख पसरले असता या टोकापासून त्या टोकापर्यंत नऊ-दहा सेंटीमीटर. वहीत त्याची नोंद पाच-सहा वेळा होऊन गेली होती. त्याच्या पंखांवर तांबड्या टिकल्यांचे नाव नव्हते.

मी त्या मुलीला जवळ बोलावून विचारले, "अंडी घालणाऱ्या त्या फुलपाखराच्या अंगावर खरोखर तांबडे होते?"

"पंखांवर होते."

"आणि पोटावर?"

"पोट काळे होते," ती तत्काळ म्हणाली.

आता पुस्तकातील चित्र मी नीट पाहिले. गुलाबाचे डोके तांबडे, छातीच्या बाजू तांबड्या, पोटाच्या कडा आणि टोक तांबडे. इतके दिवस आम्ही सर्वांनी पंखच पाहिले होते, आणि पंखांवरूनच नाव ठेवले होते.

पुढचा भाग थोडक्यात सांगते, कारण त्या दिवसांत पाहण्यासारखे फारसे घडत नाही. अळी खाते आणि वाढते, एवढेच. एक अळी कात टाकताना अडकून मेली. उरलेल्या पाच अळ्यांनी एके दिवशी खाणे सोडले, पातळ विष्ठा टाकली आणि अस्वस्थपणे इकडेतिकडे हिंडू लागल्या. अळी कोश करावयास निघाली की असेच होते. योग्य जागा सापडल्यावर ती शेपटीकडचा भाग रेशमाच्या गादीला अडकवते आणि कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेऊन मागे रेलून राहते. विजेच्या खांबावर चढलेला तारवाला कमरेच्या पट्ट्यावर भार टाकून दोन्ही हातांनी काम करतो, अगदी तसे. मग शेवटची कात गळते आणि कोश उरतो. हिरव्या डहाळीवरचे तीन कोश हिरवे झाले. एक खोक्याच्या लाकडी कडेला बसला, तो तपकिरी झाला. पाचवी अळी कापडाच्या फटीतून निसटून खिडकीच्या चौकटीवर गेली आणि तेथे तिने कोश केला. तिला हलवू नये असे आम्ही ठरविले. तो निर्णय तिला महागात पडला, हे पुढे येईलच.

इतक्यात चतुर्थीची सुटी लागली. खोका कोणी न्यावयाचा ह्याबद्दल वाद झाला नाही; ती मुलगीच घेऊन गेली. सुटीत कोश उमलले नाहीत. शाळा भरली त्या दिवशी सकाळी पहिला कोश काळपट झाला, आतले पंख पातळ कवचातून दिसू लागले, आणि पहिला तास सुरू असतानाच फुलपाखरू बाहेर आले. सुरुवातीस त्याचे पंख भिजलेल्या चिंधीसारखे असतात. ते काडीला उलटे लटकते, शरीरातील द्रव पंखांच्या शिरांत लोटते, आणि पाहता पाहता पंख पसरतात. ते नेहमीचे मॉर्मन होते. काळे, पांढऱ्या माळेचे. नर.

वर्गात चुळबुळ झाली. मुलीचा चेहरा उतरला. 'आईसारखे नाही,' असे कोणीतरी मागच्या बाकावरून म्हणाले. दुपारी दुसरे आले, तेही तसेच. दुसऱ्या दिवशी तिसरे आले. वरवर पाहता तेही तसेच, परंतु मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यातील तांबडा ठिपका जरा ठळक आणि पोट जाड. ती मादी होती. चौथा कोश तपकिरी. तो बुधवारी मधल्या सुटीत उमलला. पंख उलगडत गेले तसतसे मागच्या पंखांवर मध्ये पांढरा डाग दिसू लागला आणि कडेने तांबड्या टिकल्यांची ओळ. पोट काळेच.

एकाच आईची चार अंडी; त्यांतून तीन माळेची आणि एक तांबड्या टिकल्यांचे. पुस्तक खरे होते आणि मुलगीही खरी होती. खोटे होते ते फक्त फुलपाखराचे सोंग.

ह्यानंतर मी शोधाशोध केली तेव्हा कळले की, ह्या फुलपाखराने फसविलेल्यांत आम्ही पहिले नव्हतो. सजीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत ज्याने रूढ केली तो स्वीडिश पंडित लिनीयस. त्याने इ. स. १७५८ च्या आपल्या ग्रंथात ह्या एकाच जातीला दोन नावे दिली. नराला 'पॅमॉन' आणि तांबड्या टिकल्यांच्या मादीला 'पॉलिटिस'. ही दोन भिन्न फुलपाखरे आहेत असा त्याचा समज होता. पुढे मादीच्या आणखी एका रूपाला तिसऱ्याच पंडिताने 'रोम्युलस' असे वेगळे नाव दिले. लिनीयसला ग्रीक पुराणांची आवड असे. पॅमॉन आणि पॉलिटिस हे ट्रॉयच्या प्रायम राजाचे पुत्र. म्हणजे नवराबायकोला त्याने नकळत भाऊ-भाऊ करून ठेवले. त्याच ग्रंथात दुसऱ्या एका काळ्या-तांबड्या फुलपाखराला त्याने प्रायमच्या सर्वांत पराक्रमी पुत्राचे, हेक्टरचे, नाव दिले. ह्या हेक्टरशी आपल्याला लगेच काम पडणार आहे.

मॉर्मनच्या माद्या तीन प्रकारच्या असतात. पहिली नरासारखीच, पांढऱ्या माळेची. दुसरी गुलाबासारखी, जिने आम्हांला चकविले. तिसरी हेक्टरसारखी. हेक्टर म्हणजे इंग्रजीतील 'क्रिमझन रोज'; त्याच्या पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे व मागच्या पंखांवर गडद किरमिजी ठिपक्यांच्या ओळी असतात, आणि अंग तांबडेलाल. तिसऱ्या मादीचे पंख असेच. फक्त रंग थोडा फिका आणि अंग काळे. हेक्टर भारत व श्रीलंका ह्या प्रदेशांत आढळतो, आणि मॉर्मनची ही तिसरी मादीही त्याच मुलखात आढळते. जेथे मूळ मालक नाही तेथे सोंग घेऊन उपयोग काय? नर मात्र सर्वत्र एकाच रूपाचा. एका नराच्या ह्या तऱ्हेतऱ्हेच्या बायका पाहून भारतातील इंग्रज निरीक्षकांनी त्याला 'मॉर्मन' हे नाव दिले. अमेरिकेतील मॉर्मन नावाच्या पंथात तेव्हा बहुपत्नीकत्वाची चाल होती. त्या पंथाने ती इ. स. १८९० मध्ये सोडली, फुलपाखराला मात्र नाव चिकटले ते चिकटलेच. आपल्याकडे गावोगाव फिरणारा बहुरूपी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज वाटणार नाही.

परंतु सोंग घ्यावयाचे तर गुलाबाचे आणि हेक्टरचेच का? ह्याचे उत्तर ईश्वरीच्या वेलीत आहे. तिच्या पानांत विषारी आम्ले असतात. गुलाबाची आणि हेक्टरची अळी ती पाने खाते आणि ते विष शरीरात साठविते. कोशातून फुलपाखरू बाहेर आले तरी ते त्याच्या अंगात राहते. एखाद्या अननुभवी पाखराने असे फुलपाखरू तोंडात धरले की त्याला विलक्षण किळस येते, आणि काळा-तांबडा रंग त्याच्या कायमचा लक्षात राहतो. म्हणूनच गुलाब संथपणे, जणू कोणाची भीती नाही अशा डौलात उडतो. मॉर्मन वाढते कढीलिंबावर आणि लिंबावर. त्याच्या अंगात असले विष नसते. पण त्याच्या मादीने त्या विषारी फुलपाखराचा वेष घेतला, तर धडा शिकलेले पाखरू तिच्याही वाटेला जात नाही. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ बेट्स ह्याने अमेझॉनच्या अरण्यात अकरा वर्षे काढली आणि तेथील फुलपाखरांवरून ह्या प्रकारच्या सोंगाची उपपत्ती १८६२ साली मांडली. त्याचा मित्र वॉलेस मलायाच्या द्वीपसमूहात हिंडत होता; त्याने १८६५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, ह्या फुलपाखराच्या वेगवेगळ्या दिसणाऱ्या माद्या एकाच जातीच्या आहेत असे दाखवून बेट्सची उपपत्ती त्यांना लावली.

सोंग केवळ रंगाचे नसते. तांबड्या टिकल्यांची मादी शांतपणे उडत असते तेव्हा गुलाबाप्रमाणेच संथ उडते. तिच्यावर झडप घालून पाहा. लगेच ती वेडीवाकडी वळणे घेत भरधाव निघते आणि तिचे मॉर्मनपण उघडे पडते. परसात पुस्तकाशिवाय ओळखावयाचे असेल तर मी आता आधी पोट पाहते, मग उडण्याची तऱ्हा, आणि ती कोणत्या झाडाभोवती घुटमळते ते. पंखांचा रंग सर्वांत शेवटी.

येथे एक शंका वर्गातच निघाली, आणि ती बिनतोड होती. हे सोंग इतके उपयोगी आहे, तर सर्वच माद्या ते का घेत नाहीत? आणि नर तर कधीच का घेत नाहीत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर संख्येत आहे. सोंग टिकते ते खरा विषारी प्राणी भरपूर असेल तोवर. खोटे गुलाब खऱ्यांहून फार झाले, तर पाखराला दहांत सात वेळा चविष्ट घास मिळेल आणि तांबड्या टिकलीचा धाकच उरणार नाही. म्हणून सोंगाचा फायदा आपोआप मर्यादित होतो आणि साधी मादीही टिकून राहते. जपानच्या दक्षिणेकडील रिउक्यू बेटांत ह्याचा पडताळा आला. तेथील काही बेटांवर पूर्वी गुलाब नव्हता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो तेथे येऊन स्थिरावला, आणि त्यानंतर मॉर्मनच्या सोंगाड्या माद्यांचे प्रमाण वाढलेले आढळले. नरांविषयी असे समजले जाते की, मादीला अंडी घालण्यासाठी झाडाझाडाशी रेंगाळावे लागते, पोट जड असते, म्हणून धोका तिलाच अधिक. नराला तितका नाही, आणि मादीने त्याला आपला म्हणून ओळखणेही त्याला आवश्यक असते.

तरीही एक कोडे उरतेच. आमच्या खोक्यात एकाच आईच्या दोन मुली, एकच पान खाऊन वाढलेल्या, दोन वेषांत कशा निघाल्या? श्रीलंकेत फ्रायर नावाच्या संशोधकाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ह्या फुलपाखरांच्या पिढ्यान् पिढ्या वाढवून दाखविले की, वेष हा वाढाण्यांतील ताटांप्रमाणे वंशपरंपरेने वाटला जातो. पुढे १९७२ साली लिव्हरपूलचे वैद्य सिरिल क्लार्क आणि त्यांचे सहकारी शेपर्ड ह्यांनी अनेक संकर करून दाखविले की, सगळा वेष शरीरातील गुणसूत्रावरच्या एकाच स्थानावरून ठरतो, आणि सोंगाचा गुण साध्या रूपावर मात करतो. हे क्लार्क म्हणजे तेच, ज्यांच्या फुलपाखरांवरील अभ्यासातून, आईच्या आणि बाळाच्या रक्तगटातील विरोधामुळे नवजात बालकांना होणाऱ्या घातक विकारावर प्रतिबंधक उपाय निघाला. फुलपाखरांच्या मागे धावणे हा रिकामपणाचा उद्योग आहे असे मानणाऱ्या पालकांनी हे वाक्य कृपया पुन्हा वाचावे.

ते एक स्थान म्हणजे नेमके काय, ह्याचा उलगडा २०१४ साली झाला. पंखांचा रंग, डाग, टिकल्या इतक्या गोष्टी एकदम बदलतात तेव्हा अनेक जनुके एकत्र बांधलेली असावीत, असा पूर्वीचा तर्क होता. परंतु कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले की, हे सारे काम एकच जनुक करते. त्याचे नाव 'डबलसेक्स'. कीटकाचे शरीर नराचे घडावे की मादीचे, हे ठरविण्यात ज्या जनुकाचा हात असतो तेच हे जनुक. मॉर्मनमध्ये त्याला हे दुसरे काम मिळाले आहे. सोंगाड्या मादीमध्ये ह्या जनुकाचा तुकडा गुणसूत्रावर उलट्या दिशेने बसलेला असतो. त्यामुळे पिढी बदलताना त्याची साध्या रूपाशी सरमिसळ होत नाही आणि अर्धवट सोंगाची संतती निपजत नाही.

नराच्या अंगीही हा गुण असू शकतो. तो त्याच्या पंखांवर कधीच प्रकट होत नाही; पण तो आपल्या मुलींना देऊ शकतो. आमचे ते दोन नर पांढऱ्या माळेचे होते, म्हणून त्यांच्याजवळ आईचा वेष नव्हता असे म्हणता येत नाही. कदाचित एकाजवळ असेल. तो खिडकीतून उडाला तेव्हा त्याच्या मुली कशा निघतील हे आमच्यापैकी कोणालाच सांगता आले नसते.

खिडकीच्या चौकटीवरील पाचव्या कोशाची गोष्ट राहिली. तो उमलण्याचे दिवस उलटून गेले तरी तसाच होता. त्याचा रंग मळकट झाला, आणि एके दिवशी त्याला टाचणीच्या टोकाएवढे एक वाटोळे छिद्र दिसले. त्यातून मुंगीहून लहान अशा कितीतरी माश्या एकामागून एक बाहेर आल्या. ह्या गांधीलमाशीच्या अतिसूक्ष्म भावकीतल्या. कोश ताजा आणि मऊ असतानाच माशी त्यात अंडी घालते. तिची पिल्ले आतील जीवावर पोसतात. पक्ष्याला फसविणारे तिन्ही वेष, विष्ठेचा, पानाचा आणि गुलाबाचा, ह्या माशीपुढे निरुपयोगी. काही मुलांना वाईट वाटले. एकाने त्या माश्यांचीही नोंद करावयाची का, असे विचारले. अर्थात केली.

ज्यांना घरी हा प्रयोग करावयाचा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. पावसाळा आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने उत्तम. कढीलिंबाची किंवा लिंबाची कोवळी पालवी सकाळच्या उन्हात न्याहाळावी. अंडी एकएकटी असतात. पाने रोज ताजी द्यावीत, बाजारातून आणलेली नकोत, कारण त्यांवर औषधाची फवारणी झालेली असू शकते. बाटलीच्या तोंडाशी कापसाचा बोळा बसवावा, नाही तर अळी पाण्यात बुडते. त्या मुलीची आजी कढीलिंबावर राख टाकून किडे मारीत असे. फोडणीला पाने हवीत, हे तिचे म्हणणेही चूक नव्हे. शेवटी एक फांदी किड्यांची आणि बाकीचे झाड आजीचे, असा तह झाला आहे. मोठी फुलपाखरे पाहावयाची असतील तर पिटकोळी, घाणेरी व जास्वंद ही फुले लावावीत. मध पितानाही मॉर्मनचे पंख थरथरत असतात. पावसानंतर ओल्या वाळूवर बसून ओलावा शोषणारे दिसतील ते बहुधा नर; त्यांना मातीतील क्षार हवे असतात.

वहीतील त्या नोंदीवरची तांबडी रेघ पुसता आली नाही. तिच्याखाली मी दुरुस्ती लिहिली : 'निरीक्षण बरोबर. नाव चुकले, ते तपासणारीचेही चुकले,' आणि तारखेसह सही केली. हेक्टरच्या वेषातील तिसरी मादी मात्र वर्गात अद्याप कोणी पाहिलेली नाही. गेल्या आठवड्यात कोणीतरी 'हेक्टर दिसला' अशी नोंद केली आहे. तिच्यापुढे त्या मुलीने पेन्सिलीने बारीक अक्षरात विचारले आहे, 'पोट कोणते?'